प्राचीन काळी बाईच्या नावावर काय असायचं? प्रदेश बदलला की उत्तर बदलतं

कालिदासाच्या शाकुंतलात सहाव्या अंकात एक छोटा प्रसंग आहे, शकुंतलेच्या विरहाच्या गडबडीत तो कुणाच्या लक्षात राहत नाही. मंत्र्याने राजाकडे एक केस लिहून पाठवलीय. धनमित्र नावाचा समुद्रावर व्यापार करणारा शेठ जहाज बुडून मेला, मूलबाळ नाही, सबब त्याची सगळी इस्टेट सरकारजमा होणार. दुष्यंत म्हणतो, एवढा श्रीमंत माणूस, बायकाही बऱ्याच असतील, त्यातली कुणी गरोदर आहे का बघा. चौकशी केल्यावर कळतं की आहे, साकेतच्या शेठची मुलगी, तिचं पुंसवन, म्हणजे गरोदरपणातला संस्कार, नुकतंच झालंय. मग राजा निकाल देतो की पोटातलं बाळ बापाच्या इस्टेटीचं मालक.

आता नीट बघा. मेलेल्या माणसाच्या बायका जिवंत आहेत, घरातच आहेत, पण "मग बायकोला द्या ना" हे त्या सगळ्या प्रसंगात कुणाच्या डोक्यातच येत नाही. जन्माला न आलेल्या बाळाला हक्क आणि ते जिच्या पोटात आहे तिला नाही. आणि दुष्यंत इथे दयाळू राजा म्हणून दाखवलाय बरं का, कारण तो निदान चौकशी तरी करतो!

प्राचीन भारतात बायकांचं स्थान काय होतं यावर आपल्याकडे दोनच उत्तरं फिरत असतात. एक पार्टी म्हणते गार्गी मैत्रेयी बघा, यत्र नार्यस्तु पूज्यन्ते बघा, आपल्याकडे स्त्री देवी होती. दुसरी पार्टी म्हणते मनुस्मृती उघडा, न स्त्री स्वातंत्र्यमर्हति, संपला विषय. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं एकाच मनुस्मृतीतली आहेत. मला विचाराल तर "स्थान उच्च होतं की नीच" हा प्रश्नच फार उपयोगाचा नाही, कारण दोन हजार वर्षं आणि काश्मीरपासून केरळपर्यंतचा मुलूख, त्याला एक उत्तर कसं असेल. त्यापेक्षा गावातले लोक विचारतात तसं सरळ विचारावं, सातबारा कुणाच्या नावावर होता? पूजा कुणाची व्हायची ते नंतर बघू. पैसा, जमीन, दागिने हे बाईच्या हातात किती होते आणि नवरा गेल्यावर किती राहायचे, एवढं बघितलं तरी बरंच चित्र साफ होतं.

आधी वेदकाळ. ऋग्वेदात घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा यांच्या नावावर सूक्तं आहेत हे खरं. पण हजारावर सूक्तांमध्ये ती अगदी बोटावर मोजण्याइतकी आहेत, हेही तितकंच खरं. पुढे बृहदारण्यक उपनिषदात, म्हणजे विदेहात, आजच्या मिथिलेकडे, जनकाच्या दरबारात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारते आणि तो शेवटी म्हणतो आता जास्त विचारलंस तर तुझं डोकं गळून पडेल. तरी ती नंतर परत उभी राहते आणि अजून दोन प्रश्न विचारते, हा भाग लोक सांगायचा विसरतात.

त्याच उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून जायला निघतो तेव्हा दोन बायकांमध्ये वाटणी करून द्यायची भाषा करतो. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मला मिळाली तर मी अमर होईन का? नाही म्हटल्यावर ती म्हणते मग मला ज्ञानच द्या. सगळे मैत्रेयीचं कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे, पण दुसरी बायको कात्यायनी, तिला काय हवं होतं हे उपनिषदात कुणी विचारतच नाही. मला मात्र यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नवरा संसार सोडताना बायकांमध्ये वाटणी करतो, ही गोष्ट त्या काळच्या ऐकणाऱ्यांना विचित्र वाटत नव्हती.

आणि हे पुस्तक एकरंगी नाहीये. शेवटच्या अध्यायात सांगितलंय की विद्वान मुलगी हवी असेल तर तीळ घालून भात शिजवावा आणि नवरा-बायकोने तुपाबरोबर खावा. वा! पण त्याच प्रकरणात थोडंसं आधी असंही आहे की बायको जवळ येऊ देत नसेल तर तिला आधी काहीतरी देऊन बघावं, तरी नाही ऐकलं तर काठीने किंवा हाताने मारून वश करावं. दोन्ही एकाच पानावरच्या गोष्टी म्हणाव्यात इतक्या जवळ. मग शेकडो वर्षांनी शंकराचार्यांनी भाष्य लिहिलं तेव्हा "विद्वान मुलगी"पाशी ते थांबले आणि लिहिलं की हे पांडित्य घरकामापुरतंच समजायचं, कारण बाईला वेदाचा अधिकार नाही. मूळ मजकूर तोच राहिला, पण मधल्या काळात समाज एवढा बदलला की ते वाक्य जसंच्या तसं वाचणं अवघड झालं.

आता स्मृती. एक गोष्ट आधी क्लिअर करून टाकू, स्मृती म्हणजे आजच्यासारखा पोलिसांनी अंमलात आणायचा कायदा नव्हे. ब्राह्मण पंडितांनी लिहिलेले आचारग्रंथ ते, त्यात "असं असावं" जास्त आणि "असं आहे" कमी, आणि स्थानिक चालीरीती, जातीचे रिवाज, व्यापारी श्रेणींचे नियम यांना त्यांनीच मान्यता दिलेली. म्हणून एका श्लोकावरून अख्ख्या देशातल्या बायकांचं आयुष्य ठरवायला जाऊ नये. तर मनु एकीकडे म्हणतो बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचं धन नसतं, ते मिळवतील ते त्यांच्या मालकाचं. दुसरीकडे तोच सहा प्रकारचं स्त्रीधन सांगतो, लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि आई, बाप, भाऊ यांनी दिलेलं. भावांनी आपल्या वाट्यातला चौथा हिस्सा लग्न न झालेल्या बहिणीला द्यावा असंही म्हणतो. म्हणजे दागिने, कपडे, भेटवस्तू तिच्या, जमीन सहसा नाही. आजही कितीतरी घरांत लग्नात सोनं घालतात आणि नंतर हक्कसोड पत्रावर सही घेतात, त्यामुळे हा हिशोब आपल्याला फार परका वाटायला नको.

कौटिल्याचं अर्थशास्त्र वाचताना मात्र हवा बदलते, कारण हा माणूस धर्मापेक्षा राज्य चालवायच्या दृष्टीने विचार करतो. तो सांगतो स्त्रीधनात एक भाग उदरनिर्वाहाचा, जास्तीत जास्त २००० पण (त्या काळचं नाणं), आणि दुसरा दागिन्यांचा, त्याला मर्यादा नाही. नवरा-बायको दोघांनाही एकमेकांचा तिटकारा आला असेल तर फारकत होऊ शकते म्हणतो. एकालाच नको असेल तर नाही, आणि आठ प्रकारच्या लग्नांपैकी ब्राह्म वगैरे पहिल्या चार "धर्म्य" विवाहांत तर मुळीच नाही. म्हणजे ज्या लग्नाला मान जास्त त्यातून सुटका नाही, हलक्या समजल्या गेलेल्या लग्नात सुटका आहे! हे पुढेही बघायला मिळतं, वरच्या जातीत गेलं की बाईच्या गळ्यातले नियम वाढत जातात.

याच ग्रंथात सरकारी सूतकताई खात्याचं एक प्रकरण आहे ते मला फार आवडतं. विधवा, अपंग बायका, लग्न न झालेल्या मुली, संन्यासिनी, म्हाताऱ्या दासी, यांच्याकडून सूत कातून घ्यायचं आणि सुताच्या बारीक-जाडपणाप्रमाणे मजुरी द्यायची. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत, म्हणजे नवरा परदेशी वगैरे, त्यांना खात्याने आपल्या दासींमार्फत काम पोचवायचं. ज्या स्वतः पहाटे सूतशाळेत येतील त्यांचं सूत घेऊन मजुरी द्यायची, दिवा फक्त सूत तपासण्यापुरता, आणि अधिकाऱ्याने बाईच्या तोंडाकडे बघितलं किंवा कामाव्यतिरिक्त गप्पा मारायला लागला तर दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. एवढा बारीक नियम करावा लागला म्हणजे काय चालत असणार ते समजून घ्या.

हे झालं ग्रंथांचं. शिलालेख आणि ताम्रपट वेगळीच माणसं समोर आणतात, आणि इथे आपल्या दख्खनचा नंबर लागतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जी गुहा आहे तिथला लेख सातवाहन राणी नागनिकेचा, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची लांबलचक यादी. यज्ञ तिने केले की नवऱ्याबरोबर बसून केले यावर पंडितांनी बरीच शाई घालवलीय कारण शास्त्राप्रमाणे बाईला एकटीने यज्ञाचा अधिकार नाही. ते काही असो, यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशोब राणीच्या नावाने दगडावर कोरलेला आहे.

मग नाशिकची पांडवलेणी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला प्रसिद्ध लेख गौतमी बलश्रीचा, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षीचा, बौद्ध भिक्खूंना लेणं दान दिल्याचा. त्यात ती आपल्या मेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, तोंडभरून कौतुक करते. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईवरून नावं बघून बरेच जण म्हणतात सातवाहनांत मातृसत्ता होती. तर नव्हती. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. ही नावं आईच्या माहेरच्या गोत्रावरून आहेत, राजाला एकापेक्षा जास्त राण्या असल्या की कोणता मुलगा कुणाचा हे सांगायला सोयीची. आणि त्याच लेखात आई अभिमानाने लिहवून घेते की माझ्या मुलाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. बाईच्या हातात सत्ता आली म्हणून ती लगेच बाकीच्यांच्या बेड्या तोडायला निघाली असं होत नाही, तेव्हाही नाही. राण्या सोडून साध्या बायका बघायच्या तर कार्ले, कान्हेरी, सांची इथले छोटे दानलेख वाचावेत, भिक्खुणी, कुणाची आई, कुणाची बायको, कुणी एक खांब दिला, कुणी थोडी रक्कम. दान बौद्ध संघाला असलं तरी देणाऱ्या बायका त्याच समाजातल्या आणि खर्च करायला हातात काहीतरी होतं एवढं तर दिसतं.

माझी आवडती मात्र प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची बायको. नवरा लवकर गेला, मुलं लहान, मग रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून, म्हणजे आजच्या नागपूर जिल्ह्यातल्या नगरधनहून, चौथ्या शतकाच्या अखेरीला किंवा पाचव्याच्या सुरुवातीला तिने स्वतः कारभार बघितला. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट मुलगा दिवाकरसेन युवराज असताना, १३व्या वर्षी दिलेला आहे आणि त्याची सुरुवात नवऱ्याच्या वंशावळीने होत नाही, बापाच्या, गुप्तांच्या वंशावळीने होते. स्वतःचं गोत्र ती धारण सांगते, ते माहेरचं, वाकाटकांचं विष्णुवृद्ध गोत्र सांगत नाही. लग्नानंतर बाईचं गोत्र बदलतं हे आपण सनातन सत्य धरून चालतो, आणि विदर्भातली एक राणी सोळाशे वर्षांपूर्वी ते सरळ बाजूला ठेवते. माहेर बलाढ्य होतं म्हणून चाललं असं कुणी म्हणेल, बरोबर आहे, पण आईच्या बाजूचं नागकुळही ती आवर्जून सांगते.

दख्खनमध्ये हे पुढेही दिसतं. सातव्या शतकात बदामीच्या चालुक्यांच्या घरातली विजयभट्टारिका, चंद्रादित्याची राणी, हिचे जमीनदानाचे ताम्रपट आपल्या सिंधुदुर्गात नेरूर आणि कोचरे इथले आहेत. अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांची अक्कादेवी, राजा जयसिंहाची बहीण, एका प्रांताचा कारभार बघायची आणि तिने गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातल्याचा लेख आहे. बहीण म्हणून दागिने मिळणं वेगळं आणि प्रांत मिळणं वेगळं. ओडिशात भौमकर घराण्यात तर एकापेक्षा जास्त राण्या स्वतः गादीवर बसल्या, परमेश्वरी वगैरे पूर्ण राजपदव्या लावून. काश्मीरची दिद्दा, आधी मुलाच्या नावाने आणि मग ९८० ते १००३ स्वतःच्या नावाने राज्य करणारी, तिच्याबद्दल कल्हणाने राजतरंगिणीत बरंच आणि बरंच वाईट लिहिलंय, नातवांना मारवलं इथपर्यंत. नवरा गेला तेव्हा ती सती जायला निघाली होती आणि एका मंत्र्याने थांबवलं हेही कल्हणच सांगतो. त्याच नवऱ्याच्या, क्षेमगुप्ताच्या, नाण्यांवर दिद्दाच्या नावाचं "दि" अक्षर आहे.

तमिळ देशाचं टाइमिंग वेगळं आणि सूरही वेगळा. संघम, म्हणजे सगळ्यात जुन्या तमिळ काव्यात चारशे सत्तरच्या वर कवींची नावं मिळतात, त्यात तीसएक बायका आहेत. त्यातली अव्वैयार तर अदियमान राजाची दूत म्हणून शत्रूच्या दरबारात गेली, तिथला राजा आपलं शस्त्रागार दाखवायला लागला तर ही म्हणते, वा, तुमची शस्त्रं तुपाने चोपडलेली, मोरपिसं लावलेली, कशी चकचकीत, आमच्या राजाची सगळी मोडून लोहाराकडे पडलीत. असा टोमणा! आणि याच संघम संग्रहात एका पांड्य राजाच्या राणीची कविता आहे, ती चितेवर जायला निघालीय आणि अडवणाऱ्या लोकांना म्हणते, तुपाचा थेंब नसलेला पिळलेला भात, पाला खाऊन आणि खड्यांवर चटईशिवाय झोपून जगणारी मी नाही, नवरा गेल्यावर कमळांचं तळं आणि आग मला सारखीच. लोक तिला मरायला ढकलत नाहीयेत, उलट अडवतायत, पण विधवेचं जगणं असं करून ठेवलं होतं की तिला आग बरी वाटली. सतीबद्दल एवढं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

तिथेच काही शतकांनी चोळांच्या काळात सेंबियन महादेवी होती, राजा गंडरादित्याची विधवा. दहाव्या शतकात नवऱ्याच्या मागे कित्येक दशकं तिने विटांची जुनी देवळं दगडात बांधून काढली, दाने दिली, मधे राजे बदलत गेले तरी तिचा मान तसाच. तंजावरच्या मोठ्या देवळातल्या राजराजाच्या लेखात देवळाच्या सेवेला आणलेल्या ४०० बायकांची नावं आहेत, प्रत्येकीला एक घर आणि वर्षाला १०० कलम (तिकडचं धान्याचं माप) भात. आज आपण देवदासी म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर आणतो, पण अकराव्या शतकातल्या त्या बायका नावानिशी कोरल्या गेल्या आणि त्यांचं उत्पन्न देवळाने बांधून दिलेलं होतं.

सतीचं अजून थोडं, कारण "कायम होती" आणि "बाहेरून आलेल्यांच्या भीतीने सुरू झाली" ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. मध्य प्रदेशातल्या एरणचा लेख इ.स. ५१० चा, गोपराज लढाईत मेला आणि बायको त्याच्यामागे चितेवर गेली असं त्यात आहे, म्हणजे कुठल्याही सुलतानाच्या पाच-सहाशे वर्षं आधी. आणि विरोधही जुनाच, सातव्या शतकात बाणभट्टाने कादंबरीत याला मूर्खपणा म्हटलंय, मनुस्मृतीवर भाष्य करणाऱ्या मेधातिथीनेही हे धर्माला धरून नाही असंच म्हटलंय.

आता परत इस्टेटीकडे, कारण खरी फाटाफूट तिथे होते. कालिदासाच्या आसपासच्याच काळातली याज्ञवल्क्य स्मृती सांगते की मुलगा नसलेल्या माणसाचा पहिला वारस त्याची बायको, मग मुली. म्हणजे ग्रंथात आलं होतं. पण गुजरातेत बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाळाने निपुत्रिकांची इस्टेट जप्त करणं बंद केलं म्हणून त्याची स्तुती झाली, रडणाऱ्या विधवेचं धन त्याने सोडलं असं लोक म्हणाले. म्हणजे तोपर्यंत तिथे ते घेतलंच जात होतं!

या याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली, कल्याणीत, सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात, म्हणजे अक्कादेवीच्याच घराण्याच्या पदराखाली. त्याने स्त्रीधनाची व्याख्या चांगलीच रुंद केली, वारशाने आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं सगळं त्यात घातलं. मात्र विधवेला नवऱ्याचा वाटा कधी, तर नवरा भावांपासून वेगळा झालेला असेल तेव्हाच, एकत्र कुटुंबात असेल तर नुसतं पोटाला. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या दायभाग या ग्रंथाने उलट सांगितलं, कुटुंब एकत्र असलं तरी निपुत्रिक विधवेला नवऱ्याचा वाटा मिळणार, पण जिवंत असेपर्यंत वापरायला, मनाप्रमाणे विकायला नाही. कागदावर बंगालची विधवा जास्त नशीबवान. पण १८१५ नंतर इंग्रजांनी सतीच्या नोंदी ठेवल्या तेव्हा सगळ्यात जास्त केसेस कलकत्ता विभागातच निघाल्या. वाटेकरी विधवा नकोशी झाली म्हणून, असं काही इतिहासकार म्हणतात, बाकीच्यांना हे एकच कारण पटत नाही. मला पूर्ण कारण वाटत नाही, पण दीर आणि पुतण्यांच्या डोक्यात हा हिशोब नसेलच असं मानणंही भाबडेपणाचं आहे.

केरळ तर या सगळ्या नकाशाच्या बाहेरच. नायर घरांत मरुमक्कत्तायम्, म्हणजे घर आईच्या वंशाने चालणार, मुलं आईच्या तरवाडातली, म्हणजे एकत्र घराण्यातली, वारस भाचे. बाई लग्न झालं तरी आपल्या घरातून हलायची नाही, मुलगी झाली तर वंश पुढे गेला म्हणून आनंद. पण चाव्या कुणाकडे? बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या मामाकडे. आणि त्याच गावात, कुंपणापलीकडे, नंबुद्री ब्राह्मणांच्या घरातल्या बायका कडक पडद्यात, बाहेर पडताना मोठी छत्री आडवी धरून, शिवाय फक्त थोरल्या मुलानेच जातीत लग्न करायचं असल्यामुळे कितीतरी मुली बिनलग्नाच्याच राहायच्या. धाकटे नंबुद्री नायर बायकांशी संबंध ठेवायचे, म्हणजे एका घरातल्या बाईची मोकळीक आणि दुसऱ्या घरातल्या बाईचा कोंडमारा एकमेकांत अडकलेले. हा मातृवंशीय एकत्र कुटुंबाचा कायदा केरळने १९७५ साली कायदा करूनच संपवला.

आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, एक वेगळंच झालं. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने लिहिलेला व्यवहारमयूख इथल्या कोर्टांनी मिताक्षरेबरोबर प्रमाण धरला. बाकी देशात इंग्रजी न्यायालयांनी, शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, विज्ञानेश्वराची ती रुंद व्याख्या कापून टाकली आणि बाईला वारशाने मिळालेली इस्टेट फक्त हयातीपुरती ठरवली. मुंबई इलाख्यात मात्र मुलगी आणि बहीण यांना वारशाने आलं तर ते पूर्ण मालकीने यायचं, विका नाहीतर कुणाला द्या. विधवेला तीही सोय नव्हती, तिला हयातीपुरतंच. मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांनी आणलेल्या १९३७च्या कायद्याने तिला एकत्र कुटुंबातही वाटा दिला, पण हयातीपुरताच, आणि ती अट निघाली १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने.